दोन दिवस घाला, बसेल

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगायची दोन वाक्यं ठरलेली आहेत. कपडा सैल झाला म्हणालं, की आमचे हे म्हणतात, "धुतल्यावर आटेल." घट्ट झाला म्हणालं, की मी म्हणते, "दोन दिवस घाला, बसेल अंगावर." पस्तीस वर्षं दुकान या दोन वाक्यांवर चाललंय. निम्म्या वेळा ती खरीसुद्धा निघतात.

दुकान कपडे दुरुस्तीचं. नवीन शिवणं कधीच बंद पडलं. लोक तयार कपडे घेतात आणि मग आमच्याकडे येतात. पँटची उंची कमी करा, कमरेत घ्या, चेन बदला. हे टेबलाशी उभे राहून कापतात, मी मशीनवर. गिऱ्हाईक कपडा घालून आरशासमोर उभं राहतं, कुठे ओढतंय, कुठे काचतंय ते सांगतं, आणि तिथल्या तिथे आम्ही खडूनं खूण करतो. मग चिठ्ठी लिहून कपड्याला टाचणीनं लावायची. एका कपड्याची चिठ्ठी दुसऱ्याला लागता कामा नये, ही आमची शिस्त. सतरा पायऱ्या चढून गेलं की वर घर.

ही चिठ्ठीची शिस्त मी ह्यांच्या दुखण्यांनाही लावली होती. एकेका दुखण्याची एकेक पिशवी. साखरेची निळी, ब्लडप्रेशरची पांढरी, डोळ्यांच्या डॉक्टरांची हिरवी, आणि लघवीतून प्रोटीन जातं म्हणाले त्यांची एक चेनवाली. चार डॉक्टर, चार पिशव्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना साखरेची पिशवी घरी. उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप? मला तर माझ्या व्यवस्थितपणाचा अभिमान होता, घ्या!

मागच्या वर्षी ह्यांची चाल मंदावली. दोऱ्याचं दुकान आमच्यापासून चारशे पावलांवर. तेवढ्यात हे तीनदा थांबायचे. आधी घड्याळाच्या दुकानासमोर, मग बुटांच्या, मग औषधांच्या. काचेकडे तोंड करून उभे.

"काय बघता एवढं? घड्याळ घ्यायचंय का?"

"बघायला काय जातं?"

दोन मिनिटं झाली की निघायचे. माझा जीव इकडे टांगलेला. दुकानाला कुलूप लावून आलेली, तीन वाजता गिऱ्हाईक येणार, आणि हे बूट बघतायत. मी चिडून पुढे निघून जायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "पाय दोनच आहेत, किती बूट बघाल?" हे नुसते हसले. मग एक दिवस औषधांच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसलेच.

"पोटरी पेटते गं," म्हणाले. "चाललं की पेटते, थांबलं की विझते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? उभं राहून राहून होत असेल."

उभं राहून होणारं दुखणं मला पाठ होतं. इस्त्रीपाशी उभं राहून माझ्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या, निळ्या, वेड्यावाकड्या. संध्याकाळी पाय भरून यायचे. डॉक्टरांनी मला घट्ट इलॅस्टिकचे गुडघ्यापर्यंतचे मोजे दिले, बसताना-झोपताना पाय उशीवर ठेवायला सांगितलं. महिन्याभरात सूज उतरली. तेव्हापासून गल्लीतली कुणी बाई पाय चोळताना दिसली, की मी तिला गाठून मोजे आणि उशी सांगायचे. पायांच्या बाबतीत मी अर्धी डॉक्टरीण झाले होते.

माझ्या मोज्यांचा जुना जोड कपाटात पडून होता, वापरून सैल झालेला. टेप घेतली. ह्यांचा घोटा मोजला, पोटरी मोजली, पाऊल मोजलं. ह्यांचे पाय म्हणजे काटक्या. मोजा उलटा करून दोन्ही बाजूंनी आत घेतला, पावलावर आडवी डबल टीप मारली, म्हणजे घसरायला नको. अशी सफाईदार शिलाई की विकतच्यालाही लाजवेल. एकाच पायाला जास्त त्रास होता, म्हणून एकच शिवला.

घालायला आम्हा दोघांना घाम फुटला. चढला एकदाचा.

"जरा घट्ट होतंय," हे म्हणाले.

आणि मी काय म्हणाले असेन ते सांगायला हवं का? "दोन दिवस घाला, बसेल अंगावर."

रोज झोपताना काढायचा असतो, हे मला माहीत होतं. पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "राहू दे, घालायला-काढायला तुझेच हाल. तू दमलेली असतेस." मी खरंच दमलेली होते. शाळा सुरू व्हायच्या आधीची, गणवेश आखूड-सैल करून घ्यायची गर्दी चालू होती. मी म्हटलं, बरं, राहू दे. दुपारी आडवे झाले, की हे पाय पलंगावरून खाली लोंबकळत सोडायचे. मी जाऊन उचलून उशीवर ठेवायचे.

"खाली सोडला की बरं वाटतं गं."

"बरं वाटतं म्हणे! सूज येईल. वरच ठेवा." लहान मुलाला दटावावं तसं दटावायचे आणि खाली येऊन मशीन चालू करायचे. दहा मिनिटांनी वर जाऊन बघावं तर पाय परत खाली.

नवव्या दिवशी मोजा धुवायला काढला. मला वाटलं, आतून रंग उतरलाय. करंगळी काळी होती. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, घोट्याच्या हाडावर एक, आणि पावलाच्या वरच्या बाजूला आडवी रेघ, काळपट जांभळी. साखरेनं ह्यांची पावलं बधिर झालेली, त्यामुळे एवढं होऊनही फार कळलं नव्हतं. मी हात लावून बघितलं. पाऊल गार होतं. मी तशीच जमिनीवर बसले.

"काय झालं?" ह्यांनी वाकून बघितलं. मग पाय मागे ओढून घेतला. "रंग लागला असेल."

साखरेच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि निळी पिशवी उघडलीसुद्धा नाही. चिठ्ठी लिहून मोठ्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आजच जा म्हणाले. मी घरी येऊन चारही पिशव्या उचलल्या, कारण कुठली लागेल ते सुचेना. आणि तो मोजा घडी करून माझ्या पर्सच्या तळाशी कोंबला. घरी ठेवला असता तर लेक आल्यावर बघेल, अशी काहीतरी भीती. तिला नुसतं फोनवर कळवलं होतं, बाबांच्या पायाला लागलंय.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळं, आमच्याइतक्याच दमलेल्या. त्यांनी आधी ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला, मग तसलाच घोट्याला. पेनाएवढी एक नळी पायावर टेकवून आवाज ऐकत राहिल्या. दंडावर मस्त धपाधप आवाज येत होता. पायावर नुसती खरखर, मध्येच कुठेतरी लांबून एखादा ठोका.

"हाताला दीडशे, घोट्याला साठ," त्या म्हणाल्या. "चालताना पोटरी दुखून थांबावं लागायचं?"

"हो, घड्याळाच्या दुकानापाशी," मी म्हटलं. त्यांना ते कसं कळणार? पण त्यांनी मान हलवली.

"सिगारेट?"

"सोडली," हे म्हणाले.

"कधी?"

"परवा."

मग त्यांनी माझ्या पिशव्या मागितल्या. एकेक द्यायला लागले तर म्हणाल्या, "सगळ्या द्या, काकू." चारही पिशव्या टेबलावर ओतल्या. डोळ्यांच्या लेसरचा कागद, साखरेचे आकडे, प्रेशरच्या गोळ्या, लघवीचे रिपोर्ट, सगळं एकात एक. चार वर्षांची शिस्त एका मिनिटात मातीत. त्या मात्र पत्ते लावावेत तसे कागद लावत होत्या.

"हे चार आजार नाहीत," त्या म्हणाल्या. "साखर, प्रेशर आणि सिगारेट, तिघांनी मिळून रक्तवाहिन्या आतून खराब केल्या. डोळ्यातल्या बारीक असतात, त्या आधी बोलल्या. मग मूत्रपिंडातल्या. आता पायातल्या मोठ्या चोंदल्यात. अंगात रक्त एकच फिरतं, काकू. पायात जे झालंय ते हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही थोडंफार असणार, असंच धरून चालायचं." मग ह्यांच्याकडे वळून सरळ विचारलं, "नवराबायकोच्या संबंधात काही अडचण?"

ह्यांनी छताकडे बघितलं. तिथे पंख्याशिवाय काही नव्हतं.

"चार वर्षं झाली," मी म्हटलं. "आम्हाला वाटलं, वय झालं."

"तेही यातलंच असतं. बऱ्याचदा तेच सगळ्यात आधी होतं. कुणी सांगत नाही." त्यांनी लिहून घेतलं. "छातीत दुखतं? जिना चढताना?"

"नाही, नाही. छातीत काही नाही."

मग त्या परत पायाकडे वळल्या. दिवा जवळ ओढला. बराच वेळ बघत होत्या.

"मला एक कळत नाही. आठवड्यात एकदम चार ठिकाणी काळं पडलंय. पायाला काही बांधलं होतं? क्रेप बँडेज, पट्टी, घट्ट मोजा?"

"नाही," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघेनात.

"नक्की? ही आडवी रेघ?"

"बूट लागला असेल."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली. "मग अवघड आहे. बाहेरून काही दाबलं नसेल आणि तरी इतक्या झपाट्यानं पसरत असेल, तर वरून रक्ताच्या गुठळ्या सुटून येतायत, असं मला धरावं लागेल. स्कॅन करूच. पण अशा वेळी पाय वाचवत बसायला वेळ मिळत नाही. गुडघ्याखालून काढायची तयारी ठेवावी लागेल. तुम्ही मनाची तयारी करा, म्हणून सांगते."

हे "बरं" म्हणाले. बरं! पँटची उंची दोन इंच कमी करा म्हटल्यावर म्हणतात तसं. पाय गेला तरी चालेल, पण बायकोचं नाव पुढे यायला नको. चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस असा. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगते, त्या रागाच्या खाली एक नीच विचारही होता, की ह्यांनी नाही म्हटलंय, आता कुणाला कळायचं नाही. मी त्या काळ्या रेघेकडे बघत होते. दिव्याच्या उजेडात तिच्यात बारीक बारीक टिंबं दिसत होती, दोन ओळींत, सारख्या अंतरावर. डबल टीप. माझा हात आयुष्यभर जी टीप मारत आलाय, तीच, ह्यांच्या कातड्यावर उमटलेली.

मी पर्स उघडली आणि मोजा काढून टेबलावर, त्या सगळ्या कागदांच्या वर ठेवला.

"मी शिवला," म्हटलं. "माझा होता. आत घेऊन ह्यांना घातला. आठ दिवस, रात्रंदिवस. वर पाय उशीवर. मला मोज्यानं बरं वाटलं होतं म्हणून."

"अगं, कशाला..." हे पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स डोकावली.

डॉक्टरीणबाईंनी मोजा ह्यांच्या पायाशेजारी धरला. शिलाई रेघेवर बरोबर बसली. इतकी बरोबर की गिऱ्हाइकानं कौतुक केलं असतं. मला वाटलं आता बोलतील, चांगलं झाडतील, आणि मला ते हवंच होतं. पण त्यांनी नुसता श्वास सोडला.

"काकू, तुमच्या पायात खाली आलेलं रक्त वर चढत नव्हतं. म्हणून बाहेरून दाबलं, पाय वर ठेवला, की तुम्हाला बरं वाटायचं. काकांच्या पायात वरून रक्त खाली पोचतच नाही. जे चमचाभर पोचत होतं तेही मोज्यानं अडवलं. पाय खाली सोडला की त्यांना बरं वाटायचं, ते उगाच नव्हे."

"लोंबकळत सोडायचे," मी म्हटलं. "मी उचलून वर ठेवायचे." एवढं बोलले आणि मला रडू आवरेना. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याची कडसुद्धा मीच शिवलेली.

"सांगितलंत ते फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "दाबामुळे झालं असेल तर दाब गेला की थांबेल. स्कॅन करू, वाहिनी आतून फुग्यानं उघडायचा प्रयत्न करू. करंगळी जाईल. पाय राहावा असं मला वाटतंय, पण शब्द देत नाही."

दुसऱ्या दिवशी जांघेतून तार घालून वाहिनी उघडली. दोन तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. शेजारच्या बाईंचे पाय सुजले होते. त्यांनी मला विचारलं, तुम्ही पायाला काय लावता? मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, मला काही विचारू नका. बाईंना मी खडूस वाटले असणार. असू दे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, ह्यांचं पाऊल कोमट झालंय म्हणाल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. करंगळी आठवड्यानं काढली. पाय राहिला.

ह्यांना घरी आणलं. सतरा पायऱ्या चढणं जमेना, म्हणून दुकानातच मागच्या बाजूला खाट टाकली. लेक आठ दिवस राहून, सगळ्यांना रागावून परत गेली. चार पिशव्या जाऊन एक मोठी पिशवी झाली. हृदयाची नीट तपासणी पुढच्या महिन्यात ठरली. कार्डिओग्राम ठीक होता, छातीत दुखत नाही असं हे तीन डॉक्टरांना सांगून मोकळे झाले होते, त्यामुळे कुणाला घाई नव्हती.

कापडी मोजे आणले होते, बिनशिलाईचे. तरी मी वरचं इलॅस्टिक कापून टाकलं. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी ह्यांना आरशासमोरच्या स्टुलावर बसवलं, मोजा चढवला, वर नवीन रुंद बूट.

"घट्ट होतंय का?"

"ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे काय?"

"ठीक म्हणजे ठीक. बसेल अंगावर."

मग मात्र माझा तोल गेला. "परत ते वाक्य काढाल तर याद राखा! पहिल्या दिवशी घट्ट होतंय म्हणालात, मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा का नाही बोललात? फाडून का नाही फेकलात मोजा?"

हे खाली बघत बसले. "तू इतकं माप घेऊन शिवलं होतंस. गणवेशांचा ढीग बाजूला ठेवून. कसं म्हणू, दुखतंय म्हणून?"

इतकी थकले होते ना मी त्या दिवसांत, की रागवायलाही अंगात जोर हवा, तो संपला. मी टेबलावरचा निळा खडू घेतला आणि ह्यांच्या हातात दिला.

"गिऱ्हाईक दाखवतं तसं दाखवा," म्हटलं. "जिथे जिथे दुखतंय, तिथे खूण करा. मी काही बोलणार नाही, कारण सांगणार नाही. करा."

हे खडू बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, आता वाकून बुटावर कुठेतरी रेघ मारतील. वाकले नाहीत. आरशात बघत त्यांनी खडू शर्टाच्या मधोमध टेकवला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये. तिथून डाव्या खांद्यापर्यंत रेघ ओढली. मग थांबले. मग ती रेघ बाहीवरून खाली, कोपरापर्यंत आणली. कापणाऱ्याचा हात, रेघ कुठे हलली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळं निघाल्यासारखं तोंड करू नकोस."

"कधीपासून?"

"जिना चढलो की. सातव्या-आठव्या पायरीवर. थांबलं की जातं." मग म्हणाले, "आठेक महिने. पोटरीच्या आधीपासून."

मी दुकानाच्या दारावर 'बंद' पाटी फिरवली, मोठी पिशवी उचलली आणि टॅक्सीला फोन केला. हे उठून खाटेवरचा धुतलेला शर्ट घ्यायला लागले. खडू लागलेला अंगावर, असं कसं जायचं, म्हणे.

मी तो शर्ट हातातून काढून घेतला. "तिथे गेल्यावर तुम्ही परत 'काही नाही' म्हणाल," म्हटलं. "हाच ठेवा. पुसू नका."